मामांचा थेंब आणि कादरभाईंचं तेल

आमच्या हिच्या मामांइतकी माणसाची पारख असलेला गृहस्थ सबंध वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि पुन्हा होऊही नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. कारण मामा माणसाची पारख ना तोंड बघून करत, ना कुंडली बघून. ते लघवी बघून करत. परवा आमचा डॉक्टर नातू जेवताना सांगत होता, की म्हाताऱ्या पुरुषांना मूत्राशयाखाली जी प्रोस्टेटची गाठ असते, तिचा कर्करोग पार पुढे गेलाय का, हे सुई-सुरी न लावता, नुसत्या लघवीतल्या खुणांवरून ओळखता येईल का, याचा आता मोठमोठ्या ठिकाणी शोध चाललाय. ही वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "त्यात काय, आमचे मामा जानेफळात ओसरीवर बसून ओळखायचे."

मामा जानेफळचे वैद्य. रोग्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हा त्यांचा बाणा. नाडीसुद्धा धरत नसत. कुणी जीभ दाखवायला लागलं तर म्हणत, "आत घे ते. मी काय बैल घेऊन राह्यलो?" आणि अकोल्याचे डॉक्टर पोट कापतात असं कुणी सांगितलं की त्यांचा तोल सुटे. "माणूस म्हणजे टरबूज हाये का बे, लाल हाये का पांढरा ते कापून पाहाले?" त्यांची रीत एकच. पहाटेची लघवी काचेच्या पेल्यात घ्यायची, उन्हं येईपर्यंत ओसरीवर निवळू द्यायची आणि गवताच्या काडीने तिच्यावर तिळाच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. थेंब झरझर पसरला तर रोग जाणार. जागेवर बसून राहिला तर कठीण. बुडाला तर संपलंच. तेल कसं बुडेल, असं मी एकदा मास्तरकीच्या तोऱ्यात विचारलं होतं. मामा शांतपणे म्हणाले, "माणसाची वेळ आली का तेलाले बी वजन येते."

थेंबाच्या आकारालाही अर्थ असे. सापासारखा वळवळला तर वात, छत्रीसारखा उघडला तर पित्त, मोत्यासारखा राहिला तर कफ. दोन्ही-तिन्ही दिसलं की मामा मान हलवत, "हा रोग वऱ्हाडासारखा हाये. मालकी वाताची, कारभार पित्ताचा." तेव्हा वऱ्हाड कागदावर निजामाचं आणि कारभाराला मध्यप्रांताच्या गळ्यात बांधलेलं होतं, त्यामुळे हे निदान अडाण्यालाही झटकन कळे.

सकाळी त्यांच्या ओसरीवर बाटल्यांची जत्रा भरे. अत्तराच्या, रॉकेलच्या, खोकल्याच्या औषधाच्या, जी हाताला लागेल ती. कुणाची कोणती हे मामा विचारत नसत. ज्याचं पाणी एकदा पाहिलं ते जन्मात विसरत नाही, असा त्यांचा दावा होता. आमचं लग्न ठरतानासुद्धा कुंडलीबरोबर माझी बाटली मागवली होती. "कुंडली भटाच्या हातची असते, बाटली ज्याची त्याची," असा निरोप होता. मी लाजेने अर्धमेला झालो, पण दिली. निकाल आला, "पोरगा कफाचा हाये. भांडणार नाई, पण लोळत पडंल." ही आजतागायत मला दुपारी आडवं पडलेलं पाहिलं की नुसतं "मामा" एवढंच म्हणते.

मामांच्या या दाव्याला सबंध गावात एकच माणूस हसत असे, तो म्हणजे कादरभाई. त्यांचा तेलाचा घाणा होता, आणि मामांच्या थेंबाला तेल चालायचं ते फक्त त्याच घाण्याचं. दोघे लंगोटीयार. रोज सकाळी कादरभाई तेलाची वाटी घेऊन ओसरीवर यायचे, स्वतःचीही तपासणी फुकटात करून घ्यायचे आणि वर टिंगल करायचे. "सारा अंदाज हाये तुह्या. बाटल्या बदलून ठेवल्या तं तुह्या बापाले बी समजणार नाई."

"तुह्यं पाणी मी अंधारात ओळखीन बे."

"वास घेऊन का?"

यात कादरभाईंची बाजू भक्कम होती, कारण बीबी गावच्या एका गाडीवानाचं प्रकरण साऱ्या गावाला पाठ होतं. तो आपल्या मालकाची बाटली घेऊन आला, पण ओसरीवर ठेवताना चुकून वाटेत प्यायला घेतलेली मोहाची बाटली ठेवून गेला. मामांनी थेंब सोडला, बराच वेळ बघितलं आणि सांगितलं, "याचं काळीज खराब झालं हाये. याले दारू सोडाले सांगा." परतीच्या वाटेवर गाडीवान काय प्यायला हे त्याने कुणालाही सांगितलं नाही, पण दारू मात्र त्या दिवसापासून सोडली. मामा हे आपलं सर्वांत यशस्वी निदान मानत. कादरभाई मात्र हसून हसून खांबाला धरत.

आणि अशा या दोघांचं एका हिवाळ्यात बिनसलं. मामा न कळवता चिखलीला आमच्या घरी येऊन उतरले. पिशवीत तेलाच्या शिश्या, मेहकरच्या, खामगावच्या, कुठकुठच्या. म्हणाले, "कादऱ्या बेईमान झाला. तेलात भेसळ करून राह्यला. थेंब पसरतच नाई." मला नवल वाटलं. कादरभाई एक वेळ बैल विकतील, पण तेल बिघडवणार नाहीत. चिखलीच्या बाजारातलंही तेल मामांनी आणवलं, तेही त्यांच्या पसंतीस उतरेना. दुसऱ्या दिवशी ही मला मागच्या दारी घेऊन गेली आणि म्हणाली, "मामा सारखे बाहेर जातात. जाऊन नुसते उभे राहतात. कंबर धरल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. थेंब सोडतात तो पेला दुसऱ्या कोणाचा नाही, त्यांचाच आहे."

मग मी जवळ जाऊन पाहिलं. मामांनी आपल्या पेल्यात थेंब सोडला. तो हलला नाही. मला तर तो जरा खालीच गेल्यासारखा वाटला. मामांनी पेला ओतून दिला आणि म्हणाले, "चिखलीचं तेल बी तसंच." मी अकोल्याच्या डॉक्टरांचं नाव काढलं. "थे नळी घालतेत. मी टरबूज नाई," म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. त्यांना भीती वाटत होती. जन्मभर दुसऱ्यांना निकाल सांगितलेला माणूस आपला निकाल ऐकायला तयार नव्हता, आणि दिवस हातातून चालले होते. मला फार वाईट वाटलं. मी जानेफळला निरोप धाडला.

कादरभाई सर्व्हिस मोटारने आले. हातात ताज्या तेलाची चरवी. मामांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कादरभाई म्हणाले, "मले शिव्या दे, पण एक डाव हे तेल पाय." एवढं बोलून त्यांनी चरवी ओसरीवर ठेवली. त्यांनी मामांचं उतरलेलं तोंड बघितलं होतं.

पहाटे मामा आपला पेला ओसरीवर ठेवून अंघोळीला गेले. मी विहिरीवर होतो. कादरभाई नमाजासाठी उठले होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, मामांचा पेला उकिरड्यावर ओतला, धुतला, भिंतीच्या आड गेले आणि भरून आणून होता तिथे ठेवला. मग वजू करून नमाजाला उभे राहिले. मी पोहऱ्याचा दोर हातात धरून तसाच उभा होतो.

उन्हं आली. मामांनी थेंब सोडला. काय सांगू, थेंब कमळासारखा उमलत पेल्याच्या काठापर्यंत गेला. ही आनंदाने "मामा, पसरला हो" म्हणत आत शिरा करायला धावली. मामा पेल्याकडे बघत राहिले. मग कादरभाईंकडे बघितलं. कादरभाई चरवी पुसत होते, पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

"तेल चांगलं हाये, कादर," मामा म्हणाले. "माह्यंच चुकलं."

दोघांनी एका ताटात शिरा खाल्ला. मोटारीपर्यंत पोचवायला मी मामांबरोबर गेलो, कादरभाई पुढे जागा धरायला गेले होते. मामा थांबले, कंबरेवर हात ठेवला. "मास्तर, थे पाणी त्याचं होतं. इतकी वर्सं पाहून राह्यलो, मले नाई समजत का? त्याले सांगजो नको. त्याले वाटू दे, का मले फसवलं." आणि जरा वेळाने म्हणाले, "अकोल्याले कोणती मोटार जाते, थे पाय."

तेल चांगलं निघालं, म्हणजे आधीच्या साऱ्या सकाळी न पसरलेले थेंब खरे ठरले, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी नळी घातली, त्रास कमी केला. गाठ वाईट आहे, हाडांत उतरली आहे, असं सांगितलं. मामा त्यांना म्हणाले, "मले माहीत हाये. पण तुमचा हात हलका हाये." एवढी तारीफ त्यांनी कुठल्याच डॉक्टरची केली नव्हती. पुढचा उन्हाळा काही त्यांनी पाहिला नाही. तोवर कादरभाई रोज वाटी घेऊन येत, मामांच्या कंबरेला तेल चोळत आणि तुह्या थेंबापेक्षा माह्या हात बरा, म्हणून चिडवत.

मामांचे दिवस झाल्यावर मी जानेफळला गेलो, तेव्हा कादरभाई रिकाम्या ओसरीवर बसले होते. सवयीने वाटी आणली होती. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मास्तर, खरं सांगा. त्या दिवशी चिखलीले त्यानं ओळखलं होतं ना?"

मामांनी सांगू नको म्हणून बजावलं होतं. पण मला राहवलं नाही. मी "हाव" म्हणालो.

कादरभाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण तोंडावर हसू होतं. "मंग वैद खरा होता," ते म्हणाले. "मी उगाच हासत होतो."

आणि वाटी तिथेच ठेवून घाण्याकडे निघून गेले.