कोरड्या डोळ्यांच्या कौतिकाबाई

कौतिकाबाई जेवायला बसल्या की ताटाआधी तांब्या मागत. एक घास, एक घोट. पाण्याशिवाय भाताचे शीतही त्यांच्या घशाखाली उतरत नसे. नवरा वारला तेव्हा त्या रडल्या नाहीत, नुसते डोळे चोळत बसल्या. तेव्हापासून सासरी, कामठ्यात, त्यांना ‘दगडाची बाई’ म्हणत. त्यांचे उत्तर ठरलेले असे, "पानी येतच नाही, त का करू?"

पुढे फुलचूरला मुलाकडे राहायला आल्या आणि आमच्या शेजारीण झाल्या. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका. त्यांचा माझ्या दवाखान्यावर विश्वास नव्हता. पण बाळाला तेल चोळून कोवळ्या उन्हात शेकावे ते त्यांनीच. गल्लीतली निम्मी बाळे त्यांच्या पसरलेल्या पायांवर वाढली.

सून रेखा त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी, अर्जुनी मोरगावची. भाची सून करून आणायची रीत आमच्याकडे आहेच. रेखाला मुलगी झाली आणि महिन्याभरात बाळाच्या डोळ्यांभोवती लाल कडी उमटली. कौतिकाबाईंनी तेल वाढवले, ऊन वाढवले. कडी कपाळभर पसरली. मग त्यांनी निकाल दिला, "ग्रहनात भाजी चिरली इनं. मी सांगूनच राहिली होती." रेखाची पिशवी भरली गेली. तिने माहेरी जायचे, परत कधी यायचे ते कुणी बोलत नव्हते. नवरा खाली मान घालून बसची वेळ विचारत होता.

"पिशवी राहू द्या. आधी दवाखाना," मी म्हटले.

"काऊन? तुमच्याकडं ग्रहनाची गोळी भेटते का, सिस्टर?"

"चला तर. तिथेच विचारा."

आमच्या त्वचेच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा बाळाच्या हृदयाचा आलेख काढायला लावला. ठोके ठीक निघाले. मग ते म्हणाले, "उन्हात नेणं बंद. उन्हानंच हे वाढतंय." ग्रहणाचा काही संबंध नव्हता. रेखाच्या रक्तात स्वतःच्याच शरीरावर उलटणारी द्रव्ये असावीत, असा त्यांचा अंदाज होता. ती वारेतून बाळात जातात आणि हृदयालाही धरू शकतात, म्हणून आधी आलेख. सहा-आठ महिन्यांत बाळाच्या रक्तातून ती निघून जातात, चट्टेही जातात.

"म्हंजे इच्याच रक्तात खोट," कौतिकाबाई म्हणाल्या आणि पिशवीतून बाटली काढून पाण्याचा घोट घेतला. बोलता बोलता पुन्हा घेतला. डॉक्टर त्यांच्याकडे पाहत राहिले.

"आजी, तोंड नेहमी कोरडं पडतं? डोळ्यांत वाळू गेल्यासारखं?"

"जनमभर."

दोघींचे रक्त नागपूरला पाठवले. आत्याच्या आणि भाचीच्या रक्तात तेच सापडले. डॉक्टर म्हणाले, "नेमकं कुणाला होईल ते सांगता येत नाही. पण हा कल घराण्यातून उतरू शकतो."

"म्हणजे मामाकडून आलं," मुलगा पहिल्यांदाच बोलला.

कौतिकाबाईंनी बाटलीचे झाकण लावले. "मामाले कायले धरतं? माह्या बापाच्या घरून आलं. मी बी त्याच घरची."

घरी येऊन त्यांनी पिशवी स्वतः उपसली. बघायला आलेल्या नातेवाइकांना दारातच ऐकवले, "पोरीले काही बोलाचं असंल, त पहिले मले बसमदी बसवा. आमचं दोघीचं माहेर एकच हाय."

बाळाचे चट्टे गेले. रेखाच्या दुसऱ्या खेपेला पोटातल्या बाळाचे ठोके तपासायला नागपूरच्या फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी सोबत सासू, मांडीवर तांब्या. मुलगा झाला, धडधाकट. डॉक्टरांनी कौतिकाबाईंना डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले होते. ते विकत आणावे लागत, म्हणून त्या थेंबांना ‘इकतचे आसू’ म्हणत. "आता कोनाच्या मयतीले गेली, तरी लाज राहते, सिस्टर."

त्या गेल्या तेव्हा आकांत झाला. रेखा कोरडी बसून डोळे चोळत होती. कामठ्याची एक बाई कुजबुजली, "आत्यासारखीच दगडाची."

रेखाने ऐकले. कौतिकाबाईंच्या उशाखालची बाटली काढली, मान वर केली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले. ते गालांवर ओघळले. एकीची बाटली दुसरीने वापरू नये, हे मी एरवी तिथल्या तिथे सुनावले असते.