भाऊंच्या माइकची उंची

सातपुड्यापासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत जेवढा म्हणून खानदेश पसरला आहे, त्यात माणसांच्या कानांवर इतकं प्रेम आणि इतका अत्याचार एकाच वेळी करणारा दुसरा माणूस झाला नसेल. हे माझे घरमालकांच्या धाकट्या भावाविषयीचे मत आहे. ते मी जळगावात कॉलेजला असताना बनवले आणि अजून बदलावेसे वाटलेले नाही. त्यांना घरात आणि गल्लीत सगळे भाऊच म्हणत. मी यावलहून आलेला, घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा पहिलाच. भाऊंनी पहिल्या दिवशी माझं नाव विचारलं आणि लगेच विसरले. पुढची सगळी वर्षं ते मला "यावल" म्हणूनच हाक मारत होते.

घरमालक आबांची डाळ मिल होती. भाऊंनी ती सांभाळावी अशी अपेक्षा होती, पण भाऊ तिथे गिटार वाजवत. मिलच्या गोदामात, तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर बसून, परदेशी कॅसेट ऐकून शिकलेलं ते कडक, कर्कश आणि अतिशय गुंतागुंतीचं संगीत. त्याला मेटल म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. मी भीत भीत विचारलं, "भाऊ, म्हणजे भांड्यांचं?" तर ते रागावले नाहीत. "तसंच समज यावल, पण भांडी विचार करून आपटायची." मिलमधली मोठी चाळणी सातच्या ठेक्यात हलते, असा त्यांचा शोध होता. एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. त्यामुळे त्यांची सगळी गाणी सातच्या ठेक्यात होती. चाळणीचा पट्टा बदलला तेव्हा ठेका बिघडला, म्हणून त्यांनी आबांशी दोन दिवस अबोला धरला.

हे संगीत लोकांनी ऐकावं म्हणून त्यांनी कॉलेजच्या दिवसांतच बँड काढला होता. ड्रम वाजवायला लग्नाच्या बँडपथकातला एक गडी होता, आणि गायला त्यांचा बालमित्र. भाऊ आणि तो अमळनेरजवळच्या एकाच गावचे. हा मित्र इतका उंच होता की त्याला सगळे लांब्या म्हणत. आवाज त्याच्याहूनही उंच. तो वरच्या पट्टीत गेला की मिलमधली कबुतरं उडत. हा बँड दहाबारा वर्षं टिकला. गणपतीत वाजवलं, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं. एकदा लग्नाच्या वरातीतही वाजवलं. सातच्या ठेक्यावर नाचता नाचता नवरदेवाचे मामा दोनदा पडले आणि ओरडले, "अरे भाऊ, पाय कोठे ठेवू रे? तुन्हा ठेका मझारच सरकी जास!" घोडासुद्धा थांबून मागे बघायला लागला होता म्हणतात.

भाऊंच्या गाण्यात शब्द थोडे आणि गिटार फार. दोन ओळी झाल्या की गिटार सुरू व्हायची ती बराच वेळ थांबायची नाही. आबा म्हणायचे, "याच्या दोन ओळींच्या मध्ये पोतंभर डाळ निवडून होते." त्या वेळात लांब्या स्टेजवरून खाली उतरायचा, समोरच्या टपरीवर चहा प्यायचा आणि ग्लास खाली ठेवून परत माइकपुढे येऊन उभा राहायचा, तो अगदी पुढची ओळ यायच्या क्षणी. मी हे स्वतः पाहिलं आहे. टपरीवाल्याशी गप्पा चालू असत, पाठ स्टेजकडे असे, पण पाय बरोबर वेळेला वळत. भाऊ डोळे मिटून वाजवत असायचे. तो आला की नाही हे पाहायला त्यांनी कधी डोळे उघडले नाहीत.

त्याच सुमारास भाऊंच्या त्या आवडत्या परदेशी बँडने गायक बदलला. नव्या गायकाची कॅसेट ऐकून भाऊंनी चक्क सुतक पाळलं. अक्कांना, म्हणजे आबांच्या पत्नींना, सांगितलं, "वहिनी, आज घरात गोड नको." अक्का म्हणाल्या, "कोण गेलं हो?" भाऊ म्हणाले, "गेलं नाही, बदललं. ते जास्त वाईट." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मला सांग यावल, घरातला माणूस परगावी गेला म्हणून त्याच्या पाटावर कोणी दुसऱ्याला जेवायला बसवतं का?" मी नाही म्हणालो. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

वर्षभरातच लांब्या सुरतेला गेला. कापडाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. घरात दोन लहान मुली होत्या, आणि सातच्या ठेक्यावर कोणाचं घर चालत नाही. जाताना तो म्हणाला, "येईन रे, दिवाळीपर्यंत बघू." भाऊंनी त्याचा माइक होता तसा ठेवला. स्टँड त्याच्या तोंडाच्या उंचीवर कसलेला, गोदामाच्या मध्यभागी उभा. दिवाळी गेली, होळी गेली. हमाल पोती घेऊन त्याला वळसा घालून जात.

एकदा भाऊ कामासाठी धुळ्याला गेले ते फार उशिरा परतले. जळगावच्या तीन गाड्या त्यांनी डोळ्यांदेखत सोडल्या होत्या. एसटी स्टँडवर गाड्यांची सूचना देणाऱ्या साहेबांचा आवाज ऐकत बसले होते. खोल, विहिरीतून आल्यासारखा आवाज. शेवटी त्यांनी खिडकीत डोकं घालून विचारलं, "साहेब, गाता का?" साहेब म्हणाले, "नाही हो, मी फक्त सूचना देतो." भाऊ म्हणाले, "माझी गाणी तशीच आहेत."

साहेब यायला लागले. माणूस सज्जन आणि बुटका. भाऊंनी त्यांच्यासाठी सगळी गाणी खालच्या पट्टीत आणली, पण स्टँड काही खाली आणला नाही. साहेब मान वर करून, टाचा उचलून, नळाला तोंड लावल्यासारखे गात. मी एकदा म्हणालो, "भाऊ, स्टँड जरा खाली घेऊ का?" ते गिटारची तार पुसत राहिले. "ते त्याचं माप आहे." तार पुसून झाल्यावर म्हणाले, "तो आला तर पुन्हा शोधत बसायचं का?" तेव्हा मला कळलं की भाऊंच्या हिशेबी बँडने गायक बदललेलाच नव्हता. साहेब नुसते जागा धरून उभे होते. आणि हे सगळं भाऊंनी सुरतेला कळवलेलंही नव्हतं.

साहेबांना त्या लांबलचक गिटारच्या वेळात काय करायचं कळत नसे. ते चहाला जात नसत, उभेच राहत. एकदा सवयीने माइकमध्ये म्हणाले, "गाणे थोड्याच वेळात सुरू होईल. श्रोत्यांनी कृपया आपल्या जागा सोडू नयेत." लोकांनी पहिल्यांदाच मनापासून टाळ्या वाजवल्या.

श्रावणात कानबाई आली, म्हणजे आमचा खानदेशातला देवीचा सण. आमच्याकडे माणूस दिवाळीला येणार नाही, पण कानबाईला सुरत काय, मुंबई काय, कुठूनही गावी येतो. भाऊ मला म्हणाले, "चल यावल आमच्या गावाला. रोट मिळणार नाहीत, तो देवीचा प्रसाद भाऊबंदांनीच खायचा. पण गाणं मिळेल." मला वाटलं, उलट असतं तर बरं झालं असतं. संध्याकाळी देवीसमोर बायकांची गाणी सुरू व्हायच्या आधी चौकात बँडला वेळ दिला होता. भाऊ सकाळपासून जेवले नव्हते. स्टँड त्यांनी स्वतः जळगावहून मांडीवर आडवा धरून आणला होता.

पहिल्याच गाण्याला साहेब टाचा उचलून उभे राहिले आणि गर्दीतून लांब्या आला. थोडा वाळला होता. गर्दीत गलका झाला, "लांब्या उना! लांब्या गाई आते!" भाऊंचा हात तारांवर थांबला. साहेब आपण होऊन बाजूला सरकले. लांब्या स्टेजवर चढला, माइकसमोर उभा राहिला. माइक बरोबर त्याच्या ओठांशी होता. तो क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पेच धरला. तो गंजून घट्ट झाला होता, म्हणून रुमाल गुंडाळून जोर लावला, आणि स्टँड साहेबांच्या हनुवटीपर्यंत खाली आणून पुन्हा कसला. "मान दुखी रे त्यानी," तो भाऊंना एवढंच म्हणाला आणि उतरून पुढे खाली बसला.

भाऊंनी डोळे मिटले आणि वाजवायला घेतलं. दोन ओळी झाल्या, गिटार सुरू झाली. लांब्या सवयीने उठला आणि चहाच्या टपरीकडे गेला. परत आला तो नेमका पुढच्या ओळीच्या आधी, हातात दोन ग्लास. एक त्याने साहेबांच्या पायाशी ठेवला. त्या दिवशी भाऊंनी डोळे उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कानबाईचं विसर्जन झाल्यावर आम्ही लांब्याला सोडायला धुळ्याला गेलो. साहेब ड्यूटीवर होते. सुरतेची गाडी लागली होती, इंजिन चालू होतं. दोघे मित्र दाराशी उभे होते. लांब्या म्हणाला, "तुन्हा सायेबना आवाज चांगला शे. त्याले आते सोडू नको." भाऊ म्हणाले, "पोचना का पत्र टाक." कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. आणि वर लावलेल्या कर्ण्यातून तो विहिरीतला आवाज आला, "सुरतकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात सुटेल. प्रवाशांनी घाई करू नये." कंडक्टरने दोरी सोडली. थोड्या वेळाने पुन्हा तीच सूचना झाली. मग पुन्हा. स्टँडवरचे लोक कर्ण्याकडे बघायला लागले.

आता जळगाव सुटून बरीच वर्षं झाली. कुठल्याही स्टँडवर गाडी सुटायला उशीर झाला की लोक चिडतात, घड्याळ बघतात. मला चिडता येत नाही. वाटतं, कोणीतरी दोघे दाराशी उभे असतील, अजून त्यांचं बोलणं व्हायचं असेल.