घासून न गेलेली टिकली

आचलच्या लग्नाच्या साड्यांना फॉल लावायचं काम रश्मीकडे येणार हे घरात ठरलेलंच होतं, पण त्या घेऊन सुभद्राताई स्वतः येतील असं तिला वाटलं नव्हतं. मोठी जाऊ, आचलची आई. दर्यापूरच्या बसनं अमरावतीला आल्या, स्टँडवरून ऑटो करून राजापेठेत उतरल्या, दोन गच्च पिशव्या दिवाणावर टेकवल्या आणि पाणी मागितलं. कोणाच्याही घरी गेल्या की त्या आधी पंखा बघत, मग भिंती, मग समोरचं माणूस. त्या दिवशी माणसाकडे बघायचं त्यांनी टाळलं. शालूची घडी मोडून काठावरून बोट फिरवत राहिल्या.

"रश्मे, अकोल्याले एक डाक्टरीन हाये. मशीननं काढून देते म्हणे. लग्नाच्या आधी काढून घे तेवढं."

'तेवढं' म्हणजे रश्मीच्या दोन भुवयांच्या मधोमध गोंदलेली टिकली. मसुराच्या दाण्याएवढी. बसवली तेव्हा लालबुंद होती, आता विटून काथासारखी झालेली. नवरा जाऊन चौथं वर्ष चालू असलेल्या बाईच्या कपाळावर ती अजून होती, आणि आचलच्या लग्नात ती कोणाला दिसायला नको होती.

रश्मीनं पिकोच्या मशीनवरचा पाय उचलला नाही. नाही काढली तर, असं तिनं विचारलं. सुभद्राताईंनी त्याचंही उत्तर आणलं होतं. नाही काढली तर मांडवात बसायची गरज नाही, घरात राहून पंगतीचं बघावं, तिकडेही माणूस लागतंच. नवरदेवाकडची माणसं अकोल्याची, शिकलेली, पण त्यांच्यातही म्हाताऱ्या असतातच. उगाच विषय नको.

मशीनचा दोरा तुटला. रश्मीनं तो पुन्हा ओवला. तिचा राग भांडी आपटणारा नव्हता. राग आला की ती जास्तच निगुतीनं काम करायची. घरातली दोन माणसं तेवढी ते ओळखत. त्यातला एक, तिचा नवरा चंद्रभान, आता नव्हता. दुसरी आचल.

आचल अकरावी-बारावीला क्लासेससाठी रश्मीकडेच राहिली होती. तिच्या वेण्या, तिचा ताप, गाडी शिकताना फोडून घेतलेला गुडघा, सगळं रश्मीनं केलं. पोरगी आईला जे सांगत नसे ते काकूला सांगे. साखरपुडा ठरला तेव्हा पहिला फोन इथे आला होता, आणि त्या फोनवर आचल म्हणाली होती की मले हळद काकूंनीच आधी लावायची. रश्मी त्यावर हसली होती. हे असं होत नाही, तिला माहीत होतं. पण मांडवातसुद्धा नाही, हे तिला माहीत नव्हतं.

आता ही टिकली कपाळावर आली कशी, ते सांगायला हवं, कारण सगळा राग तिथूनच निघतो.

लग्न होऊन रश्मी त्या घरात आली तेव्हा बायका मखमली टिकल्या लावायच्या. पाकिटं बाजारातून यायची आणि आरशाच्या कडेला वापरलेल्या टिकल्यांची रांग चिकटलेली असायची. रश्मीला त्या टिकलीखाली खाज सुटे. नव्या सुनेनं कपाळ मोकळं ठेवायचं नाही, म्हणून ती खाजवायची आणि पुन्हा चिकटवायची. तिचा मुलगा अमोल तेव्हा दोनेक वर्षांचा असेल. एके सकाळी तोंड धुताना तिनं बघितलं, टिकलीच्या जागी तेवढाच गोल पांढरा डाग पडला होता.

चंद्रभान तिला अकोल्याला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी डाग बघितला, टिकलीचं पाकीट बघितलं आणि सांगितलं की हे कोड नाही. टिकलीमागच्या चिकट गोंदानं तेवढ्या जागेचा रंग गेला आहे, टिकली बंद करा, वाढणार नाही. चंद्रभान खूश होऊन परतला. गावी जाऊन त्यानं घरातल्या सगळ्यांना तेच सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी, पटलं एकाला नाही. पांढरा डाग तो पांढरा डाग. सुभद्राताईंची आचल तेव्हा पाळण्यात होती, तरी त्यांना तिच्या लग्नाची काळजी पडली. घरात कोड आहे म्हटलं की आमच्या पोट्टीले कोण करून घेईल, असं त्या चुलीपाशी बसून म्हणायच्या, रश्मीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.

मग एक दिवस त्या रश्मीला अमरावतीला घेऊन आल्या. कापड घ्यायला म्हणून. राजापेठेत प्रणालीचं ब्यूटी पार्लर होतं, तिथं मागच्या खोलीत गोंदूनही मिळायचं. रश्मीनं दारातच सांगितलं, मले नाही करायचं. सुभद्राताईंनी तिचा दंड धरून तिला खुर्चीत बसवलं आणि सुई चालू असेपर्यंत तिचं डोकं आपल्या दोन्ही तळव्यांत धरून ठेवलं. कपाळाच्या हाडावर सुई चालते तेव्हा दातांपर्यंत घुंगूर वाजतं. पांढऱ्या कातडीनं पहिल्यांदा रंग धरला नाही, म्हणून महिन्यानं पुन्हा नेलं, पुन्हा डोकं धरलं. वाटेत सुभद्राताईंनी तिला रसवंतीत नेऊन उसाचा रस पाजला. गावात सांगायचं ते त्यांनीच ठरवलं. रश्मीला हौस होती, म्हणून गोंदून घेतली.

चंद्रभान बघून हसला. आता तू झोपेतही नटलेली, म्हणाला. हळूहळू रश्मीला त्या टिकलीची सवय झाली. सकाळी तोंड धुतलं तरी ती असायची, तापात असायची, स्वयंपाकाच्या घामात असायची. पुढे चंद्रभाननं मालाची गाडी घेतली, ते दोघं अमरावतीला येऊन राहिले, आणि रश्मी विसरूनही गेली की हे आपण मागितलेलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी चंद्रभान बडनेऱ्याला माल उतरवता उतरवता छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही.

दहाव्याला गावी, घराच्या मागच्या अंगणात, बायकांनी रश्मीला पाटावर बसवलं. कपाळभर कुंकू लावलं आणि मग ते पुसायचं. पुसायला लीलाबाई होत्या, चंद्रभानची चुलत आत्या, स्वतः कितीतरी वर्षांची विधवा. त्यांनी ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. सगळं निघालं, मधला ठिपका निघेना. म्हातारीला कमी दिसायचं. तिला वाटलं कुंकू राहिलं आहे. तिनं जोर लावला. पुन्हा फडकं भिजवलं, पुन्हा घासलं. रश्मी सुन्न होती, तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. भोवती बायका उभ्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणींना हे गोंदण आहे ते ठाऊक असेल, पण ते निघत नाही म्हणून मधे बोलायचा अधिकार एकीचाच होता. सुभद्राताई रश्मीच्या अगदी समोर, हातभर अंतरावर, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर कोणीतरी विचारलं असतं, कशाले गोंदलं होतं वं, आणि मग डागाची गोष्ट निघाली असती. लीलाबाई घासत राहिल्या. कातडी सोलली, रक्त आलं, तेव्हा कोणीतरी म्हातारीचा हात धरला. मग जखमेवर बुक्का लावला.

त्या बुक्क्याची आग रश्मीला अजून आठवते. त्याहून जास्त तो पदर आठवतो.

त्यानंतर गावात, गोंदण ठाऊक नसलेल्यांची, बोलणी सुरू झाली. अजून टिकली लावते म्हणे. अमरावतीले एकटी राहते, कोणासाठी लावते म्हणे. रश्मीनं कधी खुलासा केला नाही. करायचा तर तो दुसऱ्या कोणीतरी करायचा होता.

सुभद्राताई साड्या ठेवून गेल्यावर तिनं अमोलला पुण्याला फोन केला. आई, काढून टाक ना, तुझीच रोजची कटकट जाईल, तो म्हणाला. तिनं फोन ठेवला आणि पुढचे काही दिवस त्याचे फोन उचलले नाहीत. शालूचा फॉल मात्र तिनं असा लावला की टाका शोधून सापडू नये.

आणि ती सुभद्राताईंबरोबर अकोल्याला गेली. आचलचं लग्न चुकवायचं नव्हतं म्हणून गेली, हे खरं. पण मूर्तिजापूर मागे पडेस्तोवर तिच्या मनात दुसरंच पक्कं झालं होतं: डागाचं कोणी विचारलं तर सांगायचं ते ताईंनीच.

डॉक्टर तरुण होती. तिनं भिंग लावून टिकली बघितली, बोटानं भोवतालची कातडी ताणली आणि सहज विचारलं, याच्या खाली आधी काही होतं का? रश्मीनं सुभद्राताईंकडे बघितलं आणि बघत राहिली. सुभद्राताईंनी पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. शेवटी डॉक्टरच कंटाळली, तेव्हा रश्मीनं सांगितलं. पांढरा डाग होता, टिकलीच्या गोंदाचा.

डॉक्टर म्हणाली, मग विचार करा. रंग जाईल, पण एका खेपेत नाही, आणि रंग गेला की डाग उघडा पडेल. जागा भाजली तर मोठाही होऊ शकतो. शिवाय लग्न इतकं जवळ, तेव्हा खपली असेल कपाळावर.

"मंग राहू द्या," सुभद्राताई लगेच म्हणाल्या. "नाई काढायची. आमाले नाई काढायची."

आमाले. रश्मीला तो शब्द ऐकून हसू आलं, तसलं हसू जे आलेलं बरं नसतं. बसवायची होती तेव्हाही आमालेच बसवायची होती.

बाहेर येऊन फाटकाशी उभ्या राहिल्यावर सुभद्राताईंचं नवीन चालू झालं. पदर नीट पुढे ओढून घ्यायचा, भुवयांपर्यंत. मागच्या खुर्चीवर बसायचं. फोटोत यायचं नाही. कोणी विचारलंच तर सांगायचं, हौसेनं केलं होतं तरुणपणी.

"हौसेनं," रश्मी म्हणाली.

"आता तेच सांगत आलो ना वं आपण."

"तुमी सांगत आल्या, ताई. मी नाई." रश्मीचा आवाज चढला नव्हता, पण फाटकावरचा चौकीदार वळून बघायला लागला. "मी येतो लग्नाले. पयल्या रांगेत बसतो. पदर खांद्यावर ठेवतो. कोणी इचारलं तं मी तुमच्याकडे पायीन, अन् तुमी सांगायचं. तुमी नाई सांगितलं तं मी सांगीन, दहाव्याच्या दिवसासकट. नवरदेवाकडचे ऐकतीन का नाई ते मी पायनार नाई."

सुभद्राताई म्हणाल्या की तू माझ्या लेकीचं लग्न मोडायला निघाली. रश्मी म्हणाली, तुमच्या लेकीला ताप यायचा तेव्हा मी रात्र रात्र बसले आहे, तिचं काय मोडायचं काय नाही ते मला सांगू नका. परतीच्या बसमध्ये दोघी वेगवेगळ्या सीटवर बसल्या.

हळदीच्या दिवशी गावी रश्मी खरोखरच पहिल्या रांगेत बसली. फिकट निळी साडी, पदर खांद्यावर, कपाळ उघडं. मांडवात बायका गोळा झाल्या होत्या, नवरदेवाच्या घरून उष्टी हळद घेऊन दोन काकवाही आल्या होत्या. लीलाबाई आता नव्वदीला टेकल्या होत्या. त्यांना नातवानं खुर्चीसकट उचलून रश्मीच्या शेजारीच आणून ठेवलं. म्हातारीनं डोळे बारीक करून रश्मीकडे बघितलं. तिच्या मनात काही नसेलही. पण ऐकू कमी येणारी माणसं मोठ्यानं बोलतात.

"चंद्रभानची होय ना वं तू? अजून टिकली लावतं का बाई?"

मांडवात बोलणं थांबलं नाही, नुसतं पातळ झालं. नवरदेवाच्या काकवांनी माना वळवल्या. रश्मीनं त्यांच्याकडे बघितलं नाही, लीलाबाईंकडेही नाही. तिनं हळदीच्या ताटापाशी उभ्या असलेल्या सुभद्राताईंकडे बघितलं. पाटावर बसलेली आचल एकदा आईकडे आणि एकदा काकूकडे बघू लागली.

सुभद्राताईंनी पदराचं टोक हातात घेतलं. तोंडाकडे नेलं. रश्मी उठायला लागली.

"तिनं नाई लावली," सुभद्राताई म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की लीलाबाईंनी कानाशी हात नेला, म्हणून त्यांना ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं. "तिनं नाई लावली, आत्याबाई. गोंदलेली हाये. टिकलीच्या गोंदानं कातडी पांढरी झालती तिची, तं मीच नेलं तिले राजापेठले. तिले नव्हतं करायचं. म्या बसवलं धरून."

एवढ्यावर त्या थांबल्या. नवरदेवाच्या काकवांपैकी एक दुसरीच्या कानाशी लागली. काय पुटपुटली ते रश्मीला बरोबर कळलं. रश्मी त्या काकूंकडे वळून, फॉलचा रंग सांगावा तशी म्हणाली, "कोड नाही. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलेलं आहे. त्यालाही वीस वर्षं होऊन गेली." त्या काकू ओशाळल्या आणि ताटातली हळद ढवळू लागल्या.

लीलाबाईंनी आपले हात उलटून बघितले. मग त्यांनी विचारलं, "मंग त्या दिवशी माह्या हातानं रक्त कशाले काढू देलं तुनं, सुभद्रे?"

सुभद्राताईंनी हातातलं पदराचं टोक सोडलं.

आचलनं पाटावरूनच हात लांब केला. "काकू, इकडे या." रश्मी गेली. पोरीनं स्वतःच वाटी तिच्या हातात दिली. कोणी अडवलं नाही. अडवायचं ज्यांनी, त्या खाली बघत होत्या. रश्मीनं आचलच्या दोन्ही गालांना हळद लावली, वाटी ठेवली, आणि पंगत बसेपर्यंत तिथंच तिच्याजवळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं, पोरगी अकोल्याला गेली. रश्मी पिशवी घेऊन दर्यापूरच्या जीपची वाट बघत रस्त्याशी उभी होती, तेव्हा सुभद्राताई मागून आल्या. रडून डोळे सुजलेले.

"झालं ना आता तुह्या मनासारखं?"

"मनासारखं व्हायचं तं दहाव्याले बोलायचं होतं, ताई," रश्मी म्हणाली. जीप आली. मधल्या सीटवर दोन बायकांनी सरकून जागा केली, आणि ती चढून बसली.