सहदेवनं रोही मारला थो दिवस

माहा दीर सहदेव बोलायले कमी, अन् मी त्याची भावजय कौशल्या, मले बोलल्याबिगर राहवत नाही. म्हनून हे मीच सांगून राह्यली.

मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावात परवान्याची बंदूक असलेला थो एकटाच. रोही, म्हंजे शहरातले ज्याले नीलगाय म्हनतात थे, पिकात उतरले की वनखात्याची परवानगी काढून लोक त्यालेच बलावत. पन पळत्या जनावरावर थो बार काढत नसे. आडवं उभं राहीन, काळीज समोर येईन, तवाच. नाही त बंदूक खांद्याले अडकवून वापस. "एका गोळीत जीव गेला पाह्यजे, वयनी. हाल करायचा हक आपल्याले कोनं देला?" लोक वैतागत.

यंदा आमच्या शेजारच्या वावरवाल्यानं, पंजाबरावनं, शहरातला एक हौशी बंदूकवाला आनला. त्या मेल्यानं पळत्या रोह्यावर छर्रे झाडले, फोटो काढले, चहा पेला अन् जीपमंदी बसून चालला गेला. रोही तुरीत पडला. कंबर गेलेली, पोट फाटलेलं, अन् जित्ता!

सकाळी सारं गाव जमा. अन् काय केलं माहीत हाय? बायायनं त्याच्या कपाळाले हळद-कुंकू लावलं! गाय हाय म्हने! अवो, थो नर होता, मोठ्ठा निळा नर! कोनी तोंडात पानी सोडे, कोनी पाया पडे, कोनी मोबाईलवर फोटो काढे. जनावर तडफडून राह्यलं, अन् सोडवायले कोनी तयार नाही. डॉक्टर बलावला, थो काही आला नाही.

सहदेव अकोल्याले गेला होता, थो दुपारी परतला. पाहूनच त्याचं तोंड उतरलं.

"सरका," म्हने.

"गोहत्या लागीन, सहदेव!" पंजाबराव आडवा आला.

"गाय होती त गोळी घालायले मानूस काहून आनला, भाऊ?"

पंजाबराव बाजूले सरला. सहदेवनं कानामागं एकच बार काढला. रोही शांत झाला. सहदेव तिथंच धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसून रडला.

अन् पापी कोन ठरला? सहदेव! गावच्या भंडाऱ्यात दरसाल गवऱ्यायच्या आरावर कनकेचे रोडगे थोच भाजे. यंदा म्हने, तू हात नको लावू. असा संताप आला मले! "पोट फाडनाऱ्याले चहा, अन् हाल थांबवनाऱ्याचा इटाळ? लाज वाटू द्या लेकहो!" भर मंडपात बोलली मी. आमी न जेवता घरी आलो.

मंग काही दिवसांनी पंजाबराव आमच्या दारात उभा. कळप हरभऱ्यात उतरला, परवानगी काढली, सहदेवले पाठवा म्हने.

"कोन्या तोंडानं आला रे भाऊ?" मी वरडली.

सहदेवनं बंदूक उचलली.

"जाऊ नको! काही अभिमान हाय का नाही तुले?"

"हाय, वयनी. पन मी नाही गेलो, त हे त्या जीपवाल्यालेच बलावतीन."

माह्या तोंडची शिवी तोंडातच राह्यली.