प्रफुल्लचा शेवटचा बदल

२००९ साली प्रफुल्ल तापाने गेला, तेव्हा मोहफूल खरेदीच्या प्रोग्रॅमवरचं त्याचं शेवटचं काम लॅपटॉपवरच राहिलं होतं. कुरखेड्यात नेट नव्हतं. तो तिथे लॅपटॉपवरच्या गिटमध्ये प्रोग्रॅममधले बदल साठवायचा आणि चंद्रपूरला आला की ऑफिसच्या सबव्हर्जनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या बदलांच्या सामायिक नोंदीत, चढवायचा. आता ते राहिलेलं काम ऑफिसातली त्याची सहकारी कनीज चढवत होती. एका ओळीवर गाडी अडली. प्रफुल्लने तिथे किलोसोबत गावचं माप, पायली, घातलं होतं, तर ऑफिसने तीच ओळ बदलून नुसतं किलो ठेवलं होतं.

"आपलंच ठेव," साहेब जाफरभाऊ हळूच म्हणाले. "आता कोन भांडाले येनार हाय?"

एकेका ओळीसाठी प्रफुल्ल तासभर भांडायचा. "गावात काटा कुठी हाय, मॅडम?" म्हणून तिला खिजवायचा.

"मी भांडून राह्यली ना, भाऊ," कनीज म्हणाली. तिने दोन्ही मापं हाताने बसवली, चालवून पाहिली आणि पाठवली.

पायली राहिली. पण बदल करणाऱ्याचं नाव आलं कनीज. सबव्हर्जन पाठवणाऱ्याचंच नाव लावतं, हे तिला ठाऊक होतं. तरी ती प्रफुल्लचं नाव शोधत जुन्या बदलांकडे सरकत राहिली. सापडलं, तेव्हा ते उन्हाळ्यातल्या एका बदलावर होतं, तो शेवटचा चंद्रपूरला आला होता तेव्हाचं.