टोकाच्या खोलीतली रेंज

माझ्या बायकोच्या मामांइतकी वाय-फायची ओढ अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात कुणाला नसेल, आणि त्यावर स्वतः काडीचंही न बघणारा असा दुसरा माणूस तर शोधून सापडायचा नाही. उभा जन्म जहाजावर काढून मामांनी मालगुंडला घर बांधलं, तेही जहाजासारखंच लांबलचक. एका रांगेत नऊ खोल्या आणि जाडजूड चिऱ्याच्या भिंती. मामी गेल्यावर पहिली खोली स्वतःला ठेवून पुढच्या सात ते पर्यटकांना देऊ लागले. नववी, अगदी टोकाची, मात्र कुलूपबंद. ती त्यांच्या एकुलत्या एका लेकीची, तनूची. तनू बंगळूरला नोकरी करते. एकदा फोनवर ती सहज म्हणाली, "बाबा, माझ्या खोलीत नेट चाललं तर महिनाभर तिथूनच काम करीन." झालं! मामांनी त्याच आठवड्यात वाय-फायचं यंत्र आणवून आपल्या पहिल्या खोलीत ठेवलं.

आता चिरा हा दगड असा, की त्यातून शेजारच्याचं घोरणंही पलीकडे जात नाही. तिथे रेंज कुठली जायला? पण मामा हार मानतील तर शपथ. सकाळ-संध्याकाळ ते निरांजन धरावं तसा मोबाइल समोर धरून घरभर फिरत, आणि जिथे जितक्या दांड्या दिसतील तितक्या खडूने भिंतीवर ओढून ठेवत. एका पाहुण्याला तर त्यांनी भरल्या ताटावरून उठवून पलीकडे बसवलं. "तुम्ही मधे बसलात की एक दांडी कमी होते हो!" शेवटी नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणंच घातलं: "बा महाराजा, ही रेंज सात खोल्या ओलांडून माझ्या पोरीच्या खोलीत सुखरूप पोचव!" आम्ही सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं. मीही म्हटलं. सासरकडची मंडळी, करतो काय!

महाराजाने मनावर घेतलंही असतं, पण मामांनी यंत्र ठेवलं होतं पत्र्याच्या पेटीत. खारी हवा लोखंड कसं खाते हे जन्मभर पाहिलेला माणूस तो, दुसरं काय करणार? शेवटी बोलावलेल्या नेटच्या जोडणीवाल्याने पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला. "मामा, ह्याला असा कोंडलात तर रेंज बाहेर येल कशी?" मग त्याने माळ्यावरून वायर ओढली, भिंतींना भोकं पाडली, आणखी दोन ठिकाणी यंत्रं बसवली. नवव्या खोलीत सगळ्या दांड्या उमटल्या तेव्हा मामांचे डोळे भरून आले, हे मी स्वतः पाहिलंय.

आणि तनू आली. खरंच आली. सकाळी नऊला दार लावून घ्यायची, ती संध्याकाळी सातला उघडायची. मामा फणसाचे गरे घेऊन आत गेले, तर स्क्रीनवरून नजर न काढता नुसता अंगठा दाखवायची. चौथ्या दिवशी मी गेलो, तर मामा यंत्राच्या बटणाशी हात नेऊन उभे.

"दाबू काय, जावईबापू? पाच मिनिटं तरी बाहेर येईल."

मग त्यांनीच हात मागे घेतला. "नको. तिची नोकरी आहे ती. ती एवढीशी होती तेव्हा मी नऊ-नऊ महिने जहाजावर. पायरीवर बसून वाट बघायची. पण नको जाऊ म्हणून कधी अडवलं नाय तिने."

त्यांनी खुर्ची उचलली आणि तिच्या बंद दारापाशी नेऊन बसले. आत तनू कुणाशी तरी भराभर इंग्रजीत बोलत होती.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"ते कोण ऐकतंय?" मामा हळूच म्हणाले. "आवाज घरातनं येतोय ना."

मग मीही तिथेच खाली टेकलो.