हलूनका आणि हवेतली भाची

गल्लीत त्याला सगळे 'हलूनका' म्हणत. सव्वीस वर्षं एकाच स्टुलावर माणसं बसवून "हनुवटी वर, डोळे उघडे, हलू नका" एवढ्याच भांडवलावर त्याने स्टुडिओ चालवला होता. त्याच्या हातचा फोटो म्हणजे लोण्यासारखा गुळगुळीत. समोरचा माणूस जिवंत आहे की नाही, एवढीच काय ती शंका.

अशा माणसावर थोरल्या बहिणीने भलतंच काम टाकलं. तिची सोळा वर्षांची मुलगी फुटबॉलमध्ये गोलकीपर. दोन वर्षांपूर्वी पोरीच्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ताईने मैदानाचं नाव टाकलं होतं. सामना असला की ही घरी पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत बसायची. आता पोरीची बाहेरगावच्या शिबिरासाठी निवड झाली होती आणि फॉर्मवर आईची सही हवी होती.

"मी तिथे पाऊल टाकणार नाही, माझं काळीज फुटेल," ताई म्हणाली. "तू एक फोटो आण. पोरगी हवेत उडते म्हणतात ना? बघू दे मला, काय करते ती तिथे. मग सहीचं बघू."

"फोटो ना? डाव्या हातचा मळ!" हलूनका बोलून गेला आणि जिन्यातच त्याला अडचण आठवली. सामने संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात. त्याचा जुना कॅमेरा तिथे ठार आंधळा. म्हणून त्याने नवा घेतला. त्याचं माहितीपुस्तक विटेएवढं जाड. ते छातीवर आणि कॅमेरा उशाशी घेऊन तो झोपू लागला, तेव्हा बायको म्हणाली, "रात्री उठून दूध पाजायचंय का हो त्याला?"

सरावाच्या सामन्याला त्याने पहिले चाळीस फोटो काढले. आकाश स्वच्छ, गवत स्वच्छ, आणि मधे एक पिवळा फराटा.

"मामा, यात मी कुठंय?"

"ही काय, ही पिवळी."

"हा तर पुसलेला खडू आहे!"

मग तो गोलच्या मागे जाऊन बसला. कॅमेऱ्याने पोरीला सोडून पुढच्या जाळीची गाठ न् गाठ टिपली. "वा! जाळीचा पासपोर्ट झाला," भाची म्हणाली. हलूनकाचे कान लाल झाले. तो बाजूला सरकला, श्वास रोखला. समोरून एक धिप्पाड मुलगी चेंडू घेऊन धावत आली, भाचीने गुडघे वाकवले, आणि नेमक्या त्या क्षणी सव्वीस वर्षांची सवय हलूनकाच्या घशातून बाहेर पडली.

"हलू नका!"

भाची जन्मापासून त्याच स्टुलावर बसून मोठी झालेली. तिने हात खाली सोडले, हनुवटी वर केली आणि डोळे उघडे ठेवून ताठ उभी राहिली. चेंडू तिच्या कानाजवळून आरामात आत गेला.

प्रशिक्षक बाई कमरेवर हात ठेवून आल्या. "काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?"

घरी जाताना भाची म्हणाली, "मामा, परवा फायनल. तू नाही आलास तर सही गेली. पण तोंड उघडलंस तर मी तुला ओळखत नाही."

दोन दिवस हलूनकाला घास गोड लागेना. शेवटी तो कॅमेरा विकणाऱ्याकडे गेला आणि त्याला तो 'पुसलेला खडू' दाखवला. दुकानदार म्हणाला, "शटरचा वेग हजारावर ठेवा आणि आयएसओ चढवा, म्हणजे कमी उजेडातही दिसेल. दाणे येतील थोडे."

"दाणे? माझ्या फोटोत?" कपडे काढून रस्त्यावर जा म्हटल्यासारखा हलूनकाचा चेहरा झाला.

"मग पुसलेला खडूच काढा."

फायनलला त्याने लेन्सचं झाकण दातांत घट्ट धरलं, म्हणजे बोलायची सोयच नको. वेग हजारावर आहे ना, हे त्याने अकरा वेळा पाहिलं. बाराव्यांदा बघताना अंगठा भलत्याच बटणावर पडला आणि कॅमेऱ्याचा सगळा पडदाच काळा झाला. परत उजेड येईपर्यंत त्याने दिसेल ते बटण दाबलं. दिवेही बेटे लबाड, एक फोटो पिवळा तर पुढचा काळपट. भाची झेपावायची तेव्हा हा उशिरा दाबायचा. हा वेळेवर दाबायचा तेव्हा ती जमिनीवर.

शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, तीही समोरच्यांना. झाकणावर दात रुतले. चेंडूला पाय लागला, हलूनकाने बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. गोल झाला. सामना गेला.

पडद्यावर मात्र भाची होती. अख्खी, आडवी, हवेत, हातमोज्याचं बोट न् बोट मोजावं अशी. काळ्या आकाशात रवा सांडल्यासारखे दाणे. तेही त्याने गिळले असते. पण पोरीचे डोळे गच्च मिटलेले! त्याच्या दुकानात असा फोटो थेट केराच्या टोपलीत जायचा. आणि बाकीच्या फोटोंत ती एकतर उभी, नाहीतर जमिनीवर; हवेतला दुसरा एकही नव्हता. वाटभर त्याचं बोट पुसण्याच्या बटणावर जाऊन परत येत होतं.

ताई ओलं फडकं हातात घेऊनच दारात उभी होती. भाची चिखलाचे बूट काढत उंबऱ्यातच बसली. ताईने कॅमेरा घेतला आणि पाहत राहिली. पाहतच राहिली.

"डोळे मिटलेत हिने."

"चुकलंच गं ताई, असा फोटो मी कधी..."

"गप रे. अगं बाई, ही घाबरते की!"

"घाबरणार नाही तर काय?" भाची बूट ओढत म्हणाली. "चेंडू लागतो."

"मला वाटायचं, हिला भीती म्हणजे ठाऊकच नाही. म्हणून तर माझा जीव टांगणीला. घाबरते म्हणजे अंगाला जपत असेल." ताईने पुन्हा पडद्यात डोकं खुपसलं. "चेंडू कुठाय?"

"आत गेला," भाची म्हणाली.

"जाऊ दे मेला. पेन आण."

सही करताना ताईचा हात थरथरत होता. हलूनकाने सवयीने तोंड उघडलं. भाचीने वेळेवर त्यात झाकण कोंबलं.